सूक्ष्म मानांचा हिशेब : मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम आणि पीपीएम

आयुर्वेदीय चिकित्सेत द्रव्याइतकेच महत्त्व मात्रेला दिलेले आहे. एकच द्रव्य योग्य मात्रेत औषध ठरते आणि अयोग्य मात्रेत विष ठरते, हे आपण सर्वजण विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो आहोत. शार्ङ्गधर संहितेच्या पूर्वखंडाचा आरंभच परिभाषा व मान यांच्या विवेचनाने होतो, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या पूर्वाचार्यांनी मापनाला कोणते स्थान दिले होते ते स्पष्ट होते. असे असूनही आज आपल्या मेजावर येणाऱ्या प्रयोगशाळेच्या अहवालातील मायक्रोग्रॅम, नॅनोग्रॅम, पीपीएम, पीपीबी हे शब्द दिसले की आपल्यापैकी अनेकजण फक्त अंक पाहतात व पुढे जातात. अंकापुढील एकक वाचले जात नाही. या सवयीची किंमत किती मोठी असू शकते, हे एका प्रसंगावरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझे एक स्नेही रात्री चिकित्सालय बंद होण्याच्या सुमारास आले. त्यांची लहानशी औषधनिर्माणशाळा आहे. हातात दोन चूर्णांचे, दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांतून आलेले अहवाल होते. चेहरा उतरलेला. "वैद्यराज, मर्यादा दहाची आणि शिसे निघाले बेचाळीसशे. सगळा माल नष्ट करावा लागणार," असे म्हणून त्यांनी पहिला कागद पुढे केला. दुसऱ्या कागदाविषयी ते निश्चिंत होते. "यात कॅडमियम ०.९ आहे, एकाच्याही आत. हा माल उद्या पाठवतो."

दोन्ही कागद नीट वाचले. पहिल्या अहवालातील ४२०० हा अंक 'मायक्रोग्रॅम प्रति किलोग्रॅम' या एककात होता. त्याचे रूपांतर केले तर तो ४.२ पीपीएम होतो, म्हणजे शिशाच्या १० पीपीएम या मर्यादेच्या आत. दुसऱ्या अहवालातील ०.९ हा अंक 'मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम' या एककात होता, म्हणजे ०.९ पीपीएम, आणि कॅडमियमची मर्यादा ०.३ पीपीएम आहे. जो माल नष्ट होणार होता तो नियमानुसार योग्य होता व जो बाजारात जाणार होता तो मर्यादेच्या तिप्पट दूषित होता. येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, हा हिशेब मलाही एका दमात जमला नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर मी स्वतः दोनदा दशांशचिन्ह चुकीच्या जागी दिले. त्या रात्रीनंतर या विषयाचा मी मुळापासून अभ्यास केला. तोच व्यवसायबंधूंच्या उपयोगासाठी येथे मांडत आहे.

आपल्या शास्त्रातील सूक्ष्म मान

सूक्ष्म मान ही कल्पना आपल्याला परकी नाही. मागधमानात खिडकीच्या जाळीतून येणाऱ्या उन्हात दिसणाऱ्या धूलिकणाला त्रसरेणू किंवा वंशी म्हटले असून त्याचा तिसावा भाग तो परमाणू. पुढे ६ वंशी म्हणजे १ मरीची, ६ मरीची म्हणजे १ राजिका, ३ राजिका म्हणजे १ सर्षप, ८ सर्षप म्हणजे १ यव आणि ४ यव म्हणजे १ गुंजा अशी परंपरा आहे.

आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडिया या शासकीय ग्रंथाने १ गुंजा म्हणजे १२५ मिलिग्रॅम असे निश्चित केले आहे. ते प्रमाण धरून खाली उतरत गेलो तर यव ३१.२५ मिलिग्रॅम, सर्षप सुमारे ३.९ मिलिग्रॅम, राजिका सुमारे १.३ मिलिग्रॅम, मरीची सुमारे ०.२१७ मिलिग्रॅम म्हणजे २१७ मायक्रोग्रॅम, वंशी सुमारे ३६ मायक्रोग्रॅम आणि परमाणू सुमारे १.२ मायक्रोग्रॅम येतो. अर्थात हा केवळ गणिती हिशेब आहे; उन्हातील प्रत्यक्ष धूलिकण याहून पुष्कळ हलका असतो. तथापि ज्या मायक्रोग्रॅमला आपण बिचकतो, त्याच्या आसपास आपल्या आचार्यांची मानपरंपरा पोहोचली होती, ही गोष्ट लक्षणीय आहे.

या परंपरेतील अडचण अशी की प्रत्येक पायरीचा गुणक निराळा आहे : तीस, सहा, सहा, तीन, आठ, चार. शिवाय ग्रंथाग्रंथांत फरक आहे. शार्ङ्गधरोक्त मागधमानात ६ गुंजांचा माष आहे, तर फॉर्म्युलरीने ८ गुंजांचा, म्हणजे १ ग्रॅमचा माष स्वीकारला. १२ माषांचा कर्ष १२ ग्रॅमचा, तर व्यवहारातील जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. मोठ्या मानांत हा फरक फारसा जाणवत नाही; सूक्ष्म मानांत मात्र तो घात करतो. म्हणूनच एकाच गुणकावर चालणारी मेट्रिक पद्धत येथे उपयोगी पडते.

मेट्रिक पद्धतीची शिडी

फ्रान्समध्ये १७९५ च्या कायद्याने मेट्रिक पद्धतीचा पाया घातला गेला. १९६० साली तिला आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीचे स्वरूप मिळाले. भारतात १९५६ च्या कायद्याने ती स्वीकारली गेली. या पद्धतीत मूळ एककाच्या आधी एक उपसर्ग लागतो. (येथे उपसर्ग हा शब्द व्याकरणातील अर्थाने घ्यावा, निदानातील नव्हे.) मिलि हा लॅटिनमधील 'हजार' या शब्दावरून, मायक्रो हा ग्रीकमधील 'लहान' या शब्दावरून व नॅनो हा ग्रीकमधील 'खुजा' या शब्दावरून आलेला आहे. आपल्या व्यवसायाला लागणारी शिडी पुढीलप्रमाणे :

१ किलोग्रॅम = १००० ग्रॅम
१ ग्रॅम = १००० मिलिग्रॅम
१ मिलिग्रॅम = १००० मायक्रोग्रॅम
१ मायक्रोग्रॅम = १००० नॅनोग्रॅम
१ नॅनोग्रॅम = १००० पिकोग्रॅम

प्रत्येक पायरी हजाराची आहे. एवढी एक गोष्ट पक्की झाली की अर्धे काम झाले. द्रवांसाठी लिटर, मिलिलिटर, मायक्रोलिटर असाच क्रम लागतो. या शिडीत न बसणारे एकच मान आपल्याला नेहमी भेटते, ते म्हणजे डेसिलिटर. १ डेसिलिटर म्हणजे १०० मिलिलिटर, म्हणजे लिटरचा दहावा भाग. रक्ततपासणीच्या अहवालांत ते सर्रास आढळते, म्हणून वेगळे लक्षात ठेवावे.

जुन्या ग्रंथांत 'गॅमा' हे मायक्रोग्रॅमचे व 'मायक्रॉन' हे मायक्रोमीटरचे नाव आढळते. मायक्रॉन हे वजनाचे नव्हे, लांबीचे मान आहे. चूर्णाची सूक्ष्मता सांगणारी ऐंशी मेशची चाळणी म्हणजे सुमारे १८० मायक्रोमीटरचे छिद्र. हल्ली जाहिरातींत वापरला जाणारा 'नॅनो' हा शब्द नॅनोमीटरवरून आलेला असतो व १००० नॅनोमीटर म्हणजे १ मायक्रोमीटर. कणाचा व्यास हजारपट कमी झाला तर त्याच वजनात कणांची संख्या हजारपट नव्हे, तर १०० कोटीपट वाढते, कारण आकारमान लांबीच्या घनाप्रमाणे बदलते. म्हणून भस्माच्या सूक्ष्मतेविषयीचे दावे वाचताना अंक कशाचा आहे, वजनाचा की व्यासाचा, हे आधी पाहावे.

रूपांतराची एकच रीत

सूत्रांची घोकंपट्टी करण्याची आवश्यकता नाही. एकक लहान झाले की अंक मोठा होतो व एकक मोठे झाले की अंक लहान होतो, एवढेच तत्त्व ध्यानात ठेवावे. पाच रुपयांचे पैसे करताना अंक ५०० होतो. पैसे वाढलेले नसतात, केवळ नाणे लहान झालेले असते. त्याचप्रमाणे शिडीवरून एक पायरी उतरताना हजाराने गुणावे, एक पायरी चढताना हजाराने भागावे.

उदाहरणार्थ, पाव गुंजा म्हणजे ३१.२५ मिलिग्रॅम. मायक्रोग्रॅममध्ये एक पायरी उतरायची आहे, म्हणून ३१.२५ × १००० = ३१,२५० मायक्रोग्रॅम. उलट, ४५० नॅनोग्रॅमचे मिलिग्रॅम करायचे तर दोन पायऱ्या चढायच्या आहेत. ४५० नॅनोग्रॅम = ०.४५ मायक्रोग्रॅम = ०.०००४५ मिलिग्रॅम. दोन पायऱ्या एकदम चढण्याउतरण्याचा मोह टाळावा. मधली पायरी कागदावर लिहावी, कारण बहुतेक चुका तेथेच होतात.

पीपीएम आणि पीपीबी

पीपीएम म्हणजे दशलक्षांश, अर्थात दहा लाख भागांतील एक भाग. पीपीबी म्हणजे अब्जांश, अर्थात १०० कोटी भागांतील एक भाग. ही वजने नव्हेत. ही प्रमाणे आहेत. एका किलोग्रॅममध्ये दहा लाख मिलिग्रॅम असतात, म्हणून एक किलोग्रॅम चूर्णात एक मिलिग्रॅम शिसे असेल तर ते प्रमाण १ पीपीएम होय. यावरून पुढील समीकरणे सिद्ध होतात :

१ पीपीएम = १ मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम = १ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम
१ पीपीबी = १ मायक्रोग्रॅम प्रति किलोग्रॅम = १ नॅनोग्रॅम प्रति ग्रॅम
१ पीपीएम = १००० पीपीबी
१ टक्का = १०,००० पीपीएम

'मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम' व 'मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम' ही दोन एकके सारखी कशी, असा प्रश्न पडतो. वरचे व खालचे दोन्ही मान एकेक पायरी खाली उतरले, म्हणून प्रमाण तेच राहिले. परंतु केवळ वरचेच मान बदलले, म्हणजे 'मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम'ऐवजी 'मायक्रोग्रॅम प्रति किलोग्रॅम' झाले, तर अंक हजारपट होतो. माझ्या स्नेह्यांची गफलत नेमकी येथे झाली होती.

आसव, अरिष्ट, तैल यांच्या बाबतीत काही प्रयोगशाळा 'मिलिग्रॅम प्रति लिटर' असे लिहितात. द्रवाची घनता पाण्याएवढी असेल तरच हे पीपीएमच्या बरोबरीचे होते. तैलाची घनता सुमारे ०.९२ धरली तर १० पीपीएम म्हणजे ९.२ मिलिग्रॅम प्रति लिटर.

प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना

जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन या नियतकालिकात डिसेंबर २००४ मध्ये बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारद किंवा सोमल आढळले. त्यानंतर तत्कालीन आयुष विभागाने ऑक्टोबर २००५ मध्ये आदेश काढून, निर्यात होणाऱ्या केवळ वनस्पतिजन्य औषधांसाठी १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी अनिवार्य केली. आयुर्वेदीय फार्माकोपियातील मर्यादा आपल्या परिचयाच्या आहेत : शिसे १० पीपीएम, सोमल ३ पीपीएम, पारद १ पीपीएम आणि कॅडमियम ०.३ पीपीएम.

त्या अमेरिकन अभ्यासातील अंक एककांसह पुन्हा वाचण्यासारखे आहेत. पारद आढळलेल्या सहा उत्पादनांत पारदाचे मध्यक प्रमाण २०,२२५ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम होते. त्याचे टक्क्यांत रूपांतर केले, म्हणजे १०,००० ने भागले, तर सुमारे २ टक्के येतात. सर्वांत मोठा अंक १,०४,००० म्हणजे १०.४ टक्के. जमिनीतून वा पाण्यातून वनस्पतीत शिरणारे दूषण पीपीएमच्या घरात असते. टक्क्यांच्या घरातील पारद हा कल्पात घातलेला घटक असणार, हे साध्या रूपांतरावरून कळून येते. याच अभ्यासात शिशाचे मध्यक मात्र ४० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम, म्हणजे ४० पीपीएम होते. ते आजच्या मर्यादेच्या चौपट आहे आणि असा अंक दूषणानेही येऊ शकतो. पहिल्या प्रकारात प्रश्न शोधन-मारण, लेबल व वैद्यकीय देखरेखीचा आहे. दुसऱ्या प्रकारात कच्च्या द्रव्याचा व यंत्रसामग्रीचा. रूपांतराने औषध सुरक्षित ठरत नाही. परंतु प्रश्न कोणता आहे हे ठरवण्यास मदत होते. दोन्ही गोष्टींना एकाच शब्दात 'जड धातू' म्हणून मोडीत काढणारे टीकाकार आणि दोहोंचे एकाच दमात समर्थन करणारे आपण, उभयतांनी हा हिशेब करणे आवश्यक आहे.

अहवालात आणखी एक खाचखळगा असतो. उपकरण चूर्ण मोजत नाही. चूर्ण आम्लात विरघळवून केलेले द्रावण मोजते. समजा, ०.५ ग्रॅम चूर्ण विरघळवून द्रावण ५० मिलिलिटर केले आणि उपकरणाने सोमलाचे ४० मायक्रोग्रॅम प्रति लिटर असे वाचन दिले. हा अंक ४० पीपीबी, म्हणजे ०.०४ पीपीएम म्हणून वाचला तर औषध ३ पीपीएमच्या मर्यादेच्या पंचाहत्तराव्या भागाइतके निर्मळ भासते. आता पूर्ण हिशेब करू. ५० मिलिलिटर म्हणजे ०.०५ लिटर, ४० × ०.०५ = २ मायक्रोग्रॅम. हे २ मायक्रोग्रॅम ०.५ ग्रॅम चूर्णातून आले. २ ÷ ०.५ = ४ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम, म्हणजे ४ पीपीएम. औषध अनुत्तीर्ण. म्हणून अहवालातील अंक द्रावणाचा आहे की मूळ नमुन्याचा, हे प्रयोगशाळेला लेखी विचारावे.

'आढळले नाही' या शेऱ्याचेही तसेच. त्या पद्धतीने किती अल्प प्रमाण ओळखता येते, ती शोधमर्यादा शेजारी लिहिलेली असली पाहिजे. कॅडमियमची शोधमर्यादा १ पीपीएम असलेल्या पद्धतीने 'आढळले नाही' असा शेरा मिळाला, तर ०.३ पीपीएमच्या मर्यादेविषयी त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

परदेशी माल पाठवणाऱ्यांनी पीपीबीची ओळख विशेष करून घ्यावी. युरोपीय संघात सुंठ, हळद, मिरी यांसारख्या मसाल्यांतील अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा ५ मायक्रोग्रॅम प्रति किलोग्रॅम, म्हणजे ५ पीपीबी आहे व चार अफ्लाटॉक्सिनांची मिळून १० पीपीबी. आपली धातूंची मर्यादा पीपीएममध्ये असल्याने सवयीने हा अंकही पीपीएममध्ये वाचला गेला, तर हजारपट चूक होते.

पीपीएमवरून रुग्णाच्या मात्रेकडे

येथवरचा विचार मालाचा झाला. रुग्ण मात्र पीपीएम सेवन करीत नाही. तो औषधाची मात्रा सेवन करतो. हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. त्याचे सूत्र अत्यंत सोपे आहे :

पीपीएम × दिवसभरातील औषध ग्रॅममध्ये = दिवसभरात पोटात जाणारे मायक्रोग्रॅम

शिशाचे प्रमाण नेमके १० पीपीएम, म्हणजे मर्यादेवर असलेली तीन औषधे घेऊ. वटी २५० मिलिग्रॅमची, दिवसातून दोनदा : ०.५ ग्रॅम × १० = ५ मायक्रोग्रॅम. चूर्ण ३ ग्रॅम, दोनदा : ६ ग्रॅम × १० = ६० मायक्रोग्रॅम. अवलेह १२ ग्रॅम, दोनदा : २४ ग्रॅम × १० = २४० मायक्रोग्रॅम. तिन्ही अहवालांवर 'योग्य' हाच शिक्का बसेल. परंतु रुग्णाच्या शरीरात जाणाऱ्या शिशात अठ्ठेचाळीसपट अंतर आहे.

तुलनेसाठी, रासायनिक औषधांकरिता असलेल्या आयसीएच क्यू३डी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत मुखावाटे घेण्याच्या औषधांतून येणाऱ्या शिशाची दैनिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅम, कॅडमियमची ५, सोमलाची १५ व पारदाची ३० मायक्रोग्रॅम दिली आहे. ही मार्गदर्शिका वनस्पतिजन्य औषधांना लागू नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तरीही विचारासाठी ती उपयुक्त आहे. माझ्या स्नेह्यांचे ४.२ पीपीएमचे चूर्ण ६ ग्रॅम मात्रेत दिले तर दिवसाला २५.२ मायक्रोग्रॅम शिसे जाते. त्या रात्री मी त्यांना 'माल उत्तम आहे' असे सांगून धीर दिला होता. आज मी 'माल नियमात बसतो' एवढेच म्हणेन आणि कच्च्या द्रव्याचा स्रोत तपासण्यास सांगेन. गर्भिणी, बालक आणि महिनोन्‌महिने औषध घेणारे रुग्ण यांच्या बाबतीत तर मालाची निवड करताना हा गुणाकार प्रत्येक वैद्याने करावा.

चिकित्सालयातील प्रसंग

आपल्याकडे येणारे पुष्कळ रुग्ण आधुनिक औषधेही घेत असतात. अवटुग्रंथीच्या विकारात दिले जाणारे थायरॉक्सिन मायक्रोग्रॅममध्ये असते. २५ मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०२५ मिलिग्रॅम. रुग्णपत्रिकेत 'थायरॉक्सिन २५ मिलिग्रॅम' अशी नोंद मी अनेकदा पाहिली आहे. ती हजारपट चुकीची असते. अशी नोंद पुढच्या वैद्याकडे गेली तर तिचा अर्थ काय लावला जाईल, याचा विचार करावा.

ड जीवनसत्त्वाच्या पुडीवरील ६०,००० आंतरराष्ट्रीय एकके पाहून रुग्ण घाबरतात. ड जीवनसत्त्वाची ४० एकके म्हणजे १ मायक्रोग्रॅम. म्हणून ६०,००० एकके म्हणजे १५०० मायक्रोग्रॅम, अर्थात १.५ मिलिग्रॅम. आठवड्याला एक घ्यावयाची ही पुडी काही रुग्ण रोज घेतात. वजनाने अत्यल्प वाटणारी ही मात्रा तेव्हा अतिमात्रा ठरते. हे ४० चे प्रमाण ड जीवनसत्त्वापुरतेच आहे. आंतरराष्ट्रीय एकक प्रत्येक द्रव्यागणिक बदलते. अ जीवनसत्त्वाच्या रेटिनॉल या रूपाचे १ एकक ०.३ मायक्रोग्रॅम असते.

परदेशात राहणाऱ्या आप्तांचे अहवाल लोक दाखवायला आणतात, तेव्हा आणखी एक भेद लक्षात येतो. तेथे पुष्कळदा वजनाऐवजी मोल हे मान वापरतात. रक्तशर्करा ७ मिलिमोल प्रति लिटर असेल तर १८ ने गुणून १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर समजावे. ड जीवनसत्त्व ७५ नॅनोमोल प्रति लिटर असेल तर २.५ ने भागून ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर समजावे. हे गुणक त्या त्या द्रव्याच्या रेणुभारावरून येतात, म्हणून एकाचा गुणक दुसऱ्याला लावू नये.

रसौषधी दीर्घकाळ घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील शिसे तपासले असता अहवाल मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार हे प्रमाण ५ किंवा अधिक असल्यास शिशाचा स्रोत शोधून तो थांबवावा. काही प्रयोगशाळा हाच अहवाल मायक्रोग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात. तेव्हा ५ चे ५० होतात. अंक दहापट दिसला म्हणून घाबरू नये, आणि दहापट कमी दिसला म्हणून निश्चिंतही राहू नये.

वजनकाटा आणि पुडी

सुवर्णभस्माची मात्रा गुंजेच्या अष्टमांशात देण्याचा प्रघात आहे. १२५ ÷ ८ = १५.६ मिलिग्रॅम. अनेक चिकित्सालयांतील काटा १० मिलिग्रॅमपेक्षा सूक्ष्म वजन दाखवीत नाही. त्यावर १५.६ मिलिग्रॅम तोलले तर तो १० दाखवील किंवा २० दाखवील. एका पुडीत जास्त व दुसरीत कमी भस्म जाईल. यावर उपाय आपल्या परंपरेतच आहे. १ ग्रॅम भस्म तोलून घ्यावे (येथे काट्याची चूक एक टक्क्याच्या आसपास राहते), त्यात ७ ग्रॅम योग्य अनुपानद्रव्य थोडे थोडे मिसळत उत्तम खल करावा. एकूण ८ ग्रॅम मिश्रणाच्या १२५ मिलिग्रॅमच्या ६४ पुड्या होतात व प्रत्येक पुडीत १५.६ मिलिग्रॅम भस्म येते. जे थेट तोलता येत नाही ते आधी वाढवून मग विभागावे, हेच तत्त्व प्रयोगशाळेतही वापरले जाते.

लेखनातील शिस्त

चुका हिशेबापेक्षा लेखनात अधिक होतात. अमेरिकेतील रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ साली टाळावयाच्या लेखनपद्धतींची यादी केली. तीत दशांशचिन्हाआधी शून्य न देणे व पूर्णांकानंतर दशांश शून्य देणे या दोहोंचा समावेश आहे. आपल्या परिस्थितीत पुढील नियम पाळावेत :

१. अंक कधीही एककाशिवाय लिहू नये.
२. '.५' असे न लिहिता '०.५' असे लिहावे. बिंदू पुसट झाला तर पाच वाचले जातात.
३. '५.०' असे न लिहिता '५' असे लिहावे. बिंदू दिसला नाही तर पन्नास वाचले जातात.
४. मायक्रोग्रॅमसाठी ग्रीक 'म्यू' हे अक्षर हाताने लिहू नये. ते इंग्रजी 'एम'सारखे दिसते व मात्रा हजारपट होते.
५. मराठीत 'मि.ग्रॅ.' आणि 'मा.ग्रॅ.' यांत केवळ एका वेलांटीचा व कान्याचा भेद आहे. म्हणून 'मायक्रोग्रॅम' हा शब्द नेहमी पूर्ण लिहावा.
६. हस्ताक्षरात १ आणि ९ यांची गल्लत होते. सूक्ष्म मात्रा अंकी व अक्षरी दोन्ही लिहावी.
७. औषधनिर्मात्यांनी सर्व अहवाल एकाच एककात, शक्यतो मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅममध्ये, मागवावेत व मर्यादाही त्याच एककात शेजारी छापून घ्यावी.

शेवटचा नियम पाळला गेला असता तर माझ्या स्नेह्यांना ती रात्र जागून काढावी लागली नसती. त्यांनी दुसरे चूर्ण त्याच दिवशी थांबवले व दुसऱ्या प्रयोगशाळेकडून पुन्हा तपासून घेतले. कॅडमियम जास्त असल्याचे निश्चित झाल्यावर तो संपूर्ण माल त्यांनी नष्ट केला. आर्थिक हानी झाली. परंतु ते चूर्ण एकाही रुग्णापर्यंत पोहोचले नाही. आता त्यांच्या कार्यालयाच्या भिंतीवर वर दिलेली पाच पायऱ्यांची शिडी मोठ्या अक्षरांत लावलेली आहे आणि अहवाल आला की तो प्रथम तिच्याशेजारी धरून वाचला जातो.

गुंजा, यव, सर्षप यांचे मान मुखोद्गत करणाऱ्या आपल्या परंपरेला हजाराच्या पाच पायऱ्या अवघड वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडील एखादा जुना अहवाल काढावा, त्यातील प्रत्येक अंकाचे एकक पाहावे, तो पीपीएममध्ये आणावा आणि आपण देत असलेल्या दैनिक मात्रेने गुणून पाहावा. हा अभ्यास वाचकांनी याच आठवड्यात एकदा तरी करून पाहावा, एवढीच नम्र विनंती.